जांघेतील गाठी काढल्यानंतर सुजलेला पाय: रोजचे जगणे सांभाळण्याविषयी

आमच्या आईच्या उजव्या टाचेजवळचा काळा डाग आम्ही कित्येक महिने कुरूप समजत होतो. तपासणीत तो मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या वर्णाच्या लोकांत हा आजार मुख्यतः उन्हाशी जोडला जातो. आपल्याकडे तो एकूण कमीच आढळतो, पण आढळतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो आणि म्हणूनच कुरूप, काट्याची जखम किंवा ठेच समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. आईच्या टाचेवरची ती जागा काढून तिथे त्वचारोपण केले आणि आजार जांघेपर्यंत पोचला असल्याने तिथल्या लसीका ग्रंथीही (लिम्फच्या गाठी) काढाव्या लागल्या. या गोष्टीला आता चार वर्षे झाली आणि कर्करोग परतलेला नाही. पाय मात्र त्या वर्षीच्या दिवाळीपासून सुजू लागला, आणि तेव्हापासून लग्नाला जायचे का, कोणत्या गाडीने जायचे, किती वेळ थांबायचे, या प्रत्येक प्रश्नात त्या पायाचे मत आधी विचारावे लागते.

या सुजेला डॉक्टर लिम्फेडेमा म्हणतात. ती पूर्णपणे उतरवून पाय पहिल्यासारखा करणे बहुतेकांना साधत नाही. ती आटोक्यात ठेवून आपला दिवस आपल्या ताब्यात ठेवणे मात्र बहुतेकांना साधते. त्यासाठी दोन मापे ठेवावी लागतात, एक पायाचे आणि एक दिवसाचे. पहिले माप फिजिओथेरपिस्ट घेतात, दुसरे सहसा कोणीच घेत नाही, आणि माझ्या मते उपचार भरकटतात ते याच कारणाने. पुढील मजकूर पायाच्या सुजेविषयी आहे. काखेतील गाठी काढल्यानंतर हात सुजलेल्यांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडतो. औषधे आणि पट्ट्यांचा दाब यांविषयीचा निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा आहे.

सूज येते कशी

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. पायाच्या पेशींभोवतालचे जादा पाणी, त्यातील प्रथिने आणि जंतू सूक्ष्म नळ्यांतून वर चढून जांघेतील ग्रंथींमध्ये गाळले जातात, आणि तिथे जंतूंशी झटापट झाली की ग्रंथी फुगते. तेच ते अवधाण. कर्करोगाच्या पेशीही याच वाटेने प्रवास करतात, म्हणून शल्यचिकित्सक त्या ग्रंथी काढतात. ग्रंथी गेल्या की पाण्याची वाट अरुंद होते. उरलेल्या नळ्या काही काळ जास्तीचा भार पेलतात. पेलेनासा झाला की प्रथिनयुक्त पाणी त्वचेखाली साचते. हे साचलेपण तसेच राहू दिले, तर काही महिन्यांत आणि वर्षांत त्या जागी चरबी व तंतुमय ऊती वाढतात आणि सुरुवातीला मऊ असलेली सूज घट्ट होते. मऊ सूज पाय उंच ठेवल्याने उतरते, घट्ट झालेली तशी उतरत नाही, आणि उपचार लवकर सुरू करण्याचा सगळा आग्रह या एका फरकासाठी असतो.

धोका सर्वांना सारखा नसतो. काखेपेक्षा जांघेतील शस्त्रक्रियेनंतर सूज अधिक वेळा येते. त्या जागी रेडिएशन दिलेले असणे, वजन जास्त असणे आणि पायाला वारंवार जंतुसंसर्ग होणे यांमुळे धोका वाढतो. किती ग्रंथी काढल्या यानेही मोठा फरक पडतो. डागाकडून येणारे पाणी ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचते तिला सेंटिनेल नोड, म्हणजे पहाऱ्यावरची ग्रंथी म्हणतात. या ग्रंथीत मेलानोमाच्या पेशी सापडलेल्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या उरलेल्या सर्व ग्रंथी काढल्या, त्यांच्यापैकी २४.१ टक्के रुग्णांना सूज आली. ज्यांच्यावर अल्ट्रासाऊंडने नुसते लक्ष ठेवले, त्यांच्यापैकी ६.३ टक्के रुग्णांना आली; आणि मेलानोमामुळे होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांनी “सगळ्या गाठी काढणे माझ्या बाबतीत गरजेचे आहे का?” हा प्रश्न निःसंकोच विचारावा. आईसारखी गाठ हाताला लागत असेल, तर उत्तर बहुधा होकारार्थीच येते. तरीही प्रश्न विचारलेला असला की पुढच्या सुजेची तयारी आधीपासून करता येते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत येणारी सूज बऱ्याचदा ओसरते. तीन महिन्यांनंतरही ती टिकून असेल, किंवा उतरून पुन्हा आली असेल, तर तपासून घ्यावे. बहुतेकांना ती पहिल्या दोन वर्षांत येते, क्वचित त्याहून बरीच उशिरा. दिसण्याआधी ती जाणवते: संध्याकाळी पाय जड वाटणे, एकाच पायातली चप्पल घट्ट होणे, मोज्याच्या इलास्टिकचा वण रात्रीपर्यंत न जाणे. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचलावा. तिथे खळगा राहिला आणि सावकाश भरून आला, तर पाणी साचत आहे असे समजावे. दुसरी खूण पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची. त्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून उचलता येत नसेल, तर लिम्फेडेमाची शक्यता मोठी असते. ती उचलता आली म्हणजे आजार नाहीच, असे मात्र धरू नये.

पायाचे माप

यासाठी शिंप्याकडची साधी टेप पुरते. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट टेकवावे आणि जमिनीपासून १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटर उंचीवर पेनाने बारीक खुणा कराव्यात. पावलाभोवती एक माप बोटांच्या मुळाशी घ्यावे. मांडीचे माप उभे राहून, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० आणि २० सेंटिमीटरवर घ्यावे. टेप त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दोन्ही पाय मोजावेत, कारण वजन वाढले तर दोन्ही पाय जाड होतात आणि एकट्या सुजलेल्या पायाचे आकडे पाहून घबराट होते. सुरुवातीला आठवड्यातून एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा एवढे पुरे. रोज मोजणाऱ्याला रोजचे चढउतार दिसत राहतात आणि मनस्ताप वाढतो. आम्ही पहिले दोन महिने हीच चूक केली.

आईची मापे कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिलेली असतात, पूर्वी जिथे दुधाचा हिशेब असायचा तिथे. हिशेबाची आवड असेल तर सेंटिमीटरवरून आकारमानही काढता येते. लगतच्या दोन मापांचे वर्ग आणि त्या दोन मापांचा गुणाकार यांची बेरीज करावी, तिला दोन खुणांमधील अंतराने गुणावे आणि ३७.७ ने भागावे. समजा १० सेंटिमीटर अंतरावर सुजलेल्या पायाची मापे २४ आणि ३० आहेत, तर उत्तर सुमारे ५८२ मिलिलिटर येते. चांगल्या पायाची मापे २२ आणि २७ असतील, तर सुमारे ४७९. फरक १०० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पोटरीच्या त्या एवढ्याशा तुकड्यात एक कटिंग चहा जास्तीचा मावलेला आहे. हे गणित केल्यावर “पाय जड झालाय” या तक्रारीकडे आमचे पाहणे बदलले.

एखाद्या ठिकाणी दोन पायांतील फरक २ सेंटिमीटरहून अधिक असेल आणि शस्त्रक्रियेपूर्वी तो नसेल, तर फिजिओथेरपिस्टना दाखवावे. याच कारणासाठी शस्त्रक्रियेपूर्वीची मापे घेऊन ठेवलेली असली तर सोन्याहून पिवळे.

दिवसाचे माप

सुजेचे आकडे आणि त्रासाचे आकडे एकमेकांसोबत चालतातच असे नाही. दोन सेंटिमीटरच्या फरकाने एखादी घराबाहेर पडणे सोडते, आणि सहा सेंटिमीटरचा फरक घेऊन दुसरी शेतात जाते. इंग्लंडमधील लिम्फेडेमा तज्ज्ञांनी तयार केलेली एक प्रश्नावली यासाठी वापरली जाते. तिच्यात हालचाल व कामे, दिसणे, शारीरिक लक्षणे आणि मनःस्थिती अशा चार अंगांनी प्रश्न असतात आणि शेवटी एकूण जगण्याला ० ते १० यांपैकी गुण द्यायचे असतात. आपल्या फिजिओथेरपिस्टकडे अशी प्रश्नावली नसेल, तर तिचा गाभा घरच्या घरी वापरता येतो.

एका कागदावर, सूज आल्यापासून बंद पडलेल्या किंवा कमी झालेल्या गोष्टी लिहाव्यात. “चालताना त्रास” असे मोघम लिहू नये. आईच्या कागदावर पाच नोंदी होत्या: देवासमोर मांडी घालून बसता येत नाही, भाजी आणायला मंडईत जाणे बंद, तीन जिने चढताना दर मजल्यावर थांबावे लागते, रात्री पायाच्या ठणक्याने दोनदा जाग येते, उजव्या पायातले जोडवे काढून ठेवावे लागले. शेवटची नोंद तिने अनेक दिवसांनी, मी विचारल्यावर, जरा चाचरत सांगितली, आणि तिला सर्वांत जास्त तीच लागलेली होती असे मला आजही वाटते. प्रत्येक नोंदीपुढे १ ते ४ यांपैकी आकडा लिहावा, मुळीच त्रास नसेल तर १ आणि फारच असेल तर ४. दर तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरावा.

या कागदाचा उपयोग तक्रारींची यादी म्हणून करायचा नाही. त्यावरून उपचाराची दिशा ठरवायची. जागरण ठणक्यामुळे असेल, तर रात्रीच्या पट्ट्यांविषयी विचारावे. जिन्यात पोटरी भरून येत असेल, तर दाबाचा मोजा आणि स्नायूंची ताकद या दोहोंकडे पाहावे लागते. पूजेसाठी आम्ही उंच पाट आणि पाय लांब करायला दुसरा पाट केला. त्याला कोणतेही औषध लागले नाही.

त्वचा

सगळ्या कामांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्वचेचे आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. साचलेले प्रथिनयुक्त पाणी जंतूंना फार मानवते आणि ग्रंथी काढलेल्या असल्याने त्या भागाचा पहाराही ढिला झालेला असतो. साधी चीर, फुटलेली टाच किंवा बोटांतली चिखली एवढे दार जंतूंना पुरते.

रोज रात्री पाय कोमट पाण्याने सौम्य साबण लावून धुवावा. पुसताना मऊ सुती कापडाने प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून पाणी टिपून घ्यावे. घासून पुसू नये. त्यानंतर पायाला साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये, कारण तिथे ओल राहिली की बुरशी धरते. टाचांच्या भेगांना कोकणात कोकमाचे तेल कोमट करून लावतात. त्वचा अखंड असेल तर त्याला हरकत नाही, भेगेतून रक्त येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. नखे सरळ कापावीत, कोपरे खोलवर कोरू नयेत. कुरूप ब्लेडने कापू नये, आणि मेलानोमा होऊन गेलेल्या माणसाने तर कुरूप स्वतःहून ठरवूही नये.

पावसाळ्यात नियम कडक करावे लागतात. चिखल्या दिसताच बुरशीनाशक मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच सुरू करावे. तुंबलेल्या पाण्यातून चालणे टाळावे. नाइलाज झालाच तर घरी आल्याबरोबर पाय धुऊन, कोरडा करून, त्वचा नीट पाहावी. भातलावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर उभे राहणे या पायाला झेपत नाही, हे घरातील कर्त्या माणसांनी रुग्णाच्या आधी मान्य करावे. देवळात अनवाणी जावे लागते तिथे जाड मोजे चालवून घ्यावेत. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीने पोळलेला तळवा भरायला महिने लागू शकतात, विशेषतः त्वचारोपण केलेल्या जागी, कारण तिथे संवेदना कमी असते.

पाय धुताना पाहण्याचे कामही होते, आणि आपल्या आजारात त्याला दुहेरी अर्थ आहे. चीर आणि बुरशी तर पाहायचीच, शिवाय नवा काळा किंवा निळसर ठिपका, त्वचेखाली हाताला लागणारी मुगाएवढी गाठ, जुन्या व्रणाभोवती बदललेला रंग हेही पाहायचे. मेलानोमा परतला तर मूळ जागा आणि जांघ यांच्या दरम्यान, पाण्याच्या त्याच वाटेवर, अशा बारीक गाठींच्या रूपाने परतू शकतो. तळवा स्वतःला दिसत नाही. आरसा किंवा घरातले दुसरे डोळे वापरावेत.

धावरे

पाय अचानक लाल, गरम आणि दुखरा झाला, लाली पसरू लागली, थंडी वाजून ताप आला, तर ते धावरे आहे, म्हणजे त्वचेचा जंतुसंसर्ग. त्याला प्रतिजैविके लागतात आणि ती त्याच दिवशी सुरू व्हावी लागतात. लेप लावून सकाळची वाट पाहू नये. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारावी आणि वेळ लिहावी. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, तर डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते. ताप आणि वेदना असेपर्यंत पट्ट्या व घट्ट मोजा काढून ठेवून पाय उंच करून विश्रांती घ्यावी, आणि मोजा पुन्हा केव्हा चढवायचा ते डॉक्टरांना विचारावे. धावऱ्याच्या प्रत्येक खेपेला उरल्यासुरल्या नळ्यांचेही नुकसान होते आणि सूज एक पायरी वर चढते. ज्यांना वर्षात दोनतीनदा असे होते, त्यांनी प्रतिबंधक औषधाविषयी आणि गावी जाताना सोबत ठेवायच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

पट्ट्या आणि मोजे

दाब हा या उपचाराचा कणा आहे. सूज बरीच असेल तर आधी दोन ते चार आठवडे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून अनेक थरांच्या पट्ट्या बांधून घेतात. या पट्ट्या फारशा न ताणणाऱ्या असतात, त्यामुळे चालताना स्नायू फुगले की आतून दाब मिळतो आणि पाणी वर सरकते. सोबत हलक्या हाताचा विशिष्ट मसाज, व्यायाम आणि त्वचेची निगा. पाय जितका उतरायचा तितका उतरला की मापाचा मोजा देतात, आणि तो पुढे रोज घालायचा असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या कर्करोग केंद्रांत फिजिओथेरपीचा विभाग असतो; दूरच्या गावच्या रुग्णाने निदान एकदा तिथे पट्ट्या बांधायला शिकून घ्यावे आणि शिकताना घरातील एकाने मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे.

औषधांच्या दुकानात मिळणारे मोजे बहुधा फुगलेल्या शिरांसाठी असतात आणि रुग्णालयातले पांढरे मोजे झोपून असलेल्या रुग्णांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतात. लिम्फेडेमाच्या पायाला बऱ्याचदा जाड, सपाट विणीचा, मापाने शिवलेला मोजा लागतो. पायासाठी दाब साधारणपणे २० ते ३० किंवा ३० ते ४० मिलिमीटर पारा इतका ठरवतात. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतील, हृदय कमजोर असेल किंवा मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर तपासणीशिवाय दाब देणे धोक्याचे आहे.

मोजा चढवणे ही एक कला आहे आणि सुरुवातीला ती रडकुंडीला आणते. सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी, पाय सर्वांत बारीक असताना तो चढवावा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालावेत, म्हणजे पकड मिळते आणि नखे लागून वीण उसवत नाही. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल आणि टाच नेमकी बसवावी, मग तळहातांनी वर सारत न्यावा. वरची कड धरून ओढू नये. घोट्याशी आणि गुडघ्यामागे एकही सुरकुती राहू देऊ नये, कारण तिथे दोरी बांधल्यासारखा काच बसतो. लांब झाला म्हणून वरची कड दुमडणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत वाईट चूक आहे. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा ठणकू लागली तर मोजा लगेच काढावा. आईला पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे लागत असत, आता चार लागतात.

मोजे दोन असावेत, एक अंगावर आणि एक वाळत. रोज हाताने धुवावेत, पिळू नयेत, सावलीत आडवे वाळवावेत. साधारण सहा महिन्यांत वीण सैलावते आणि मोजा नुसताच पायात राहतो. मे महिन्यात तो नकोसा होतो, हे खरेच आहे. घातलेल्या मोज्यावर पाण्याचा हलका फवारा मारून पंख्याखाली बसल्याने बराच आराम मिळतो. सगळी बाहेरची कामे सकाळी नऊच्या आत उरकणे हा आमचा दुसरा उपाय.

हालचाल

पायाला विश्रांती द्या, असे सगळे सांगतात, आणि ते अर्धेच बरोबर आहे. पोटरीचा स्नायू हा या पाण्याचा पंप आहे, तो चालला नाही तर पाणी चढत नाही. मोजा घालून चालणे, घोटा वर-खाली करणे, टाचा उचलणे, पोटापर्यंत खोल श्वास घेणे हे सर्वांना जमण्यासारखे आहे. पाण्यात चालणे आणि पोहणे विशेष चांगले, कारण पाणी स्वतःच दाब देते. मात्र जखम किंवा बुरशी असताना तलावात उतरू नये. वजने उचलण्याची भीतीही बऱ्याच अंशी अनाठायी आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले. पायासाठीही तत्त्व तेच ठेवावे: थोडक्यात सुरुवात, सावकाश वाढ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते पाहून पुढचे पाऊल.

एका जागी ताटकळत उभे राहणे आणि पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसणे हे दोन्ही वाईट. एसटीच्या प्रवासात कडेची जागा घ्यावी, दर अर्ध्या तासाने घोटे फिरवावेत आणि गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले टाकावीत. बसायला खुर्ची आणि पाय ठेवायला स्टूल मागण्यात संकोच करू नये.

ऐकू येणारे सल्ले

पाय पाहून पहिला शब्द येतो तो हत्तीपाय. विदर्भात जिथे हत्तीरोग आढळतो, तिथे रक्त तपासून घेण्यात गैर काही नाही. पण शस्त्रक्रियेनंतरची सूज डासांमुळे झालेली नसते आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांनी ती उतरत नाही. निगा मात्र दोन्हींची बरीचशी सारखीच असते. लघवीच्या गोळ्या या सुजेवर उपाय नाहीत. त्यांनी पाणी जाते, प्रथिने मागे राहतात. हृदय किंवा रक्तदाबासाठी त्या चालू असतील, तर अर्थातच आपल्या मनाने बंद करू नयेत. पाणी कमी पिण्याचाही उपयोग नाही. तेल लावून जोरात रगडून घेणे, शेक, जळवा लावणे, फासण्या घालणे हे सर्व या पायाला अपाय करते. वजन आटोक्यात ठेवणे हा मात्र जुना, कंटाळवाणा आणि खरा सल्ला आहे.

न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

जांघेतील ग्रंथी काढल्यानंतर काहींना जननेंद्रियांनाही सूज येते. पुरुष आणि स्त्रिया दोघेही हे महिनोन् महिने लपवतात, आणि तोवर धावरे तिथपर्यंत पोचलेले असते. डॉक्टरांसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. आधार देणारी विशेष अंतर्वस्त्रे आणि दाबाचे उपाय उपलब्ध आहेत. जोडीदाराशीही बोलावे, कारण सूज संसर्गजन्य नाही आणि जवळीक बंद करण्याचे कारण नाही, एवढे साधे वाक्य घरात कोणी उच्चारत नाही म्हणून दुरावा येतो.

समारंभात “अगंबाई, पाय केवढा सुजलाय!” असे कोणीतरी म्हणतेच. त्यासाठी एक तयार उत्तर असावे. आई म्हणते, “गाठी काढल्यात, त्यामुळे असतो तो तसाच. तुमच्या नातवाचे काय चाललेय?” विषय तिथेच संपतो. चप्पल दोन मापांची लागते, तेव्हा दोन जोड घ्यावे लागतात किंवा पट्टा सैल-घट्ट होणारी सँडल घ्यावी. वेगवेगळ्या मापांचा जोड करून देणारा चांभार गावात असेल, तर त्याला धरून राहावे.

मन खचण्याचे एक वेगळे कारण या आजारात असते. पाय थोडा जास्त फुगला की कर्करोग परतला, असे वाटते. बहुतेक वेळा कारण साधे असते: उन्हाळा, प्रवास, सैल झालेला मोजा. पण कित्येक महिने स्थिर असलेली सूज काही दिवसांत झपाट्याने वाढली, जांघेत गाठ लागली, किंवा पोटरी एकाएकी दुखून घट्ट झाली, तर लगेच तपासणी हवी, कारण पहिल्या दोहोंत आजार परतल्याची आणि तिसऱ्यात शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. सोबत धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे. ही तीन लक्षणे कागदावर लिहून फ्रिजवर लावल्यापासून बाकीच्या दिवसांची भीती आमच्या घरी बरीच कमी झाली.

शस्त्रक्रियेचा पर्याय

सूक्ष्मदर्शकाखाली लसीका नळ्या शिरांना जोडणे, शरीराच्या दुसऱ्या भागातून ग्रंथी आणून बसवणे आणि चरबी साठून घट्ट झालेल्या पायातून ती शोषून काढणे, अशा शस्त्रक्रिया आता होतात. पहिली सूज मऊ असताना अधिक उपयोगी पडते, शेवटची ती घट्ट झाल्यावर. चरबी काढल्यानंतरही दाबाचा मोजा जन्मभर घालावा लागतो, ही अट ऐकूनच निर्णय घ्यावा. भेटीला जाताना वर्षभराची मापे, धावऱ्याच्या तारखा आणि दिवसाच्या मापाचा कागद सोबत न्यावा, आणि शस्त्रक्रियेने यातील कोणती नोंद बदलेल, असे डॉक्टरांना कागदावर बोट ठेवून विचारावे. आईने विचारले तेव्हा डॉक्टरांनी जिन्याच्या नोंदीवर बोट ठेवले, जोडव्याच्या नोंदीवर ठेवले नाही. जिना तिला तोवर व्यायामाने एका थांब्यात जमू लागला होता, म्हणून तिने तूर्त नको म्हटले. जोडवे सोनाराने कापून, मागून उघडे ठेवून वाढवून दिले आहे. सणाच्या दिवशी सकाळी दोन तास ती ते घालते आणि मोजा चढवण्याआधी काढून ठेवते.